राणी रंगाचं पिंप

आमच्या घरामागे खाडी होती आणि तिचा रंग रोज बदलायचा. पांडेसऱ्याच्या मिलांमधून जे काही धुऊन निघायचं ते तिच्यात यायचं. त्यामुळे ती कधी पोपटी, कधी हळदीसारखी, कधी वांगी रंगाची असायची. शाळेत जाताना मी आणि माझी धाकटी बहीण पुलावर थांबून आजचा रंग बघत असू. ते पाणी घाण आहे, त्याला वास येतो, त्यात हात घालायचा नाही, हे सगळं आम्हाला सांगितलेलं होतं. पण बघायला कुणाची बंदी नव्हती. नव्वदच्या दशकातली सुरत म्हटली की लोकांना काय काय आठवतं, मला आधी ते पाणी आठवतं.

खाडीचा रंग बघून मी आबांचा दिवस ओळखायची. आबा म्हणजे आमचे वडील, मिलच्या रंगखात्यात रंग तोलून द्यायचं काम करायचे. संध्याकाळी ते दारात आले की मी त्यांच्या नखांकडे बघायची. खाडी सकाळी हिरवी असली तर नखंही हिरवी निघायची, आणि मला वाटायचं की हे सगळं पाणी आबाच सोडतात. जेवताना ते रंगांच्याच गोष्टी सांगत. सुती कापड मिठाशिवाय रंग धरत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ कमी पडलं तर ते तसं म्हणायचे नाहीत, "आज रंग धरला नाही," म्हणायचे. माय तोंडातल्या तोंडात पुटपुटत मिठाची बरणी त्यांच्यापुढे आपटायची.

आम्ही मूळचे खानदेशातले. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, शाळेत जी बाई असेल तिची भाषा. माय घरात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची. शेठचा माणूस सकाळी साड्यांचा गठ्ठा टाकून जायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. तिच्याभोवती दिवसभर दुसऱ्या बायकांच्या साड्यांचा ढीग असायचा आणि ती त्यात कमरेपर्यंत बुडालेली दिसायची. कात्री चालवता चालवता ती कुठेतरी बघत राहायची. काय बघतेस विचारलं तर म्हणायची, काही नाही, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही कळायचं.

मी अगदी लहान असताना खाडीचं पाणी पहिल्यांदा घरात शिरलं होतं. मला त्यातलं एवढंच आठवतं की खाटेखालची चप्पल तरंगत स्वयंपाकघराकडे गेली. बाकीचं ऐकून माहीत. मायची लग्नातली पेटी पाण्यात बसली आणि कपडे चिखलात गेले. तेव्हा समोरच्या घरातल्या मासीने आपली एक विटकी साडी मायला नेसायला दिली. मासी गुजराती, नवऱ्यामागे एकटी, आणि तिचं घर वरच्या मजल्याचं, वर गच्चीसारखं सपाट धाबं असलेलं. ती साडी नेसून माय आम्हा दोघींना घेऊन गाडीत बसली आणि माहेरी गेली. दारात भावजय उभी. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, की सुरतेत सोन्याचा धूर निघतो असं ऐकलं होतं, आमच्या नणंदबाई तर नेसत्या वस्त्रानिशी आल्या, आणि तेही उसनं.

हे वाक्य मायने गाठीला बांधून सुरतेला परत आणलं. आल्याच्या दिवशीच तिने आबांना ऐकवलं, आणि गल्लीतल्या बायकाही दारात होत्या, त्यामुळे ते सगळ्यांसमोर झालं.

"आते जर पाणी घरमा उनं ना, ते मी पोरेसले लिसन माहेरले चालनी जासू. मंग मनी वाट दखू नका."

पुन्हा पाणी आलं तर ती आम्हाला घेऊन जाणार आणि परत येणार नाही. आमची माय बोलली ते करणारी बाई. एकदा रागात दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणाली, तर वर्षभर आम्ही काळा चहा प्यायलो. त्यामुळे त्या दिवसापासून मी खाडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. मला आबा नसलेल्या घरात राहायचं नव्हतं. मामाच्या गावी विहीर होती, बोरं होती, सगळं होतं, पण नखांवर रंग घेऊन येणारं कुणी नव्हतं.

आबा भांडले नाहीत. त्यांनी एक पिंप आणलं. रंगाची पूड ज्यात यायची त्यातलंच, निळं, जाड प्लॅस्टिकचं, झाकणावर पत्र्याची पट्टी आवळून बंद करायचं. झाकणाच्या आत रबराची गोल कडी. हे पिंप नदीत सोडलं तरी आत थेंब जाणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते. पूर आला तर माणसाला काय काय लागतं ते सगळं त्यात भरून ठेवायचं, म्हणजे कुणाला कुठे जायची गरज पडणार नाही. शेवटचं वाक्य ते मायकडे न बघता म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी पिंप गल्लीतल्या नळाखाली धुतलं. सोडा घालून धुतलं, उकळतं पाणी घालून धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि परत धुतलं. सुरुवातीला त्यातून राणी रंग वाहिला, ते गडद गुलाबी पाणी गल्लीभर पसरलं, आणि आम्ही त्यात उड्या मारल्या. मग पाणी फिकट होत होत साधं झालं. आबांनी ते ओंजळीत घेऊन उजेडात धरलं. मासी वरून म्हणाली की अजून एकदा धुवा, भाई. आबांना ते लागलं. आयुष्य रंगात गेलेल्या माणसाला रंग गेला की नाही हे कळत नाही का, असं ते आत येऊन किती तरी वेळ बोलत होते.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवून झाल्या की पिंप भरायचं, हा आमच्या घरचा सणच झाला. पिंप रिकामं करायचं, पुसायचं, ऊन दाखवायचं आणि नव्याने भरायचं. दुपारी दार लोटून घेतलेलं असायचं, बाहेर कापड विणणाऱ्या लूमांची खटखट चाललेली असायची, आणि जमिनीवर सगळा पसारा मांडलेला. मेणबत्त्या. काडेपेट्या, मेणात बुडवून काढलेल्या. बॅटरी आणि तिचे सेल वेगळे, नाहीतर गंजतात. पाणी निवळायला तुरटी. दोर. चणे, गूळ आणि ज्वारीच्या बिबड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत. बिबड्या कोरड्याच चावून खाता येतात, म्हणून चूल पेटली नाही तरी पोट चालतं. रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत. मला त्या वस्तू पुराच्या वाटायच्याच नाहीत. आम्ही कुठेतरी लांब, पाण्यावरून जाणार आहोत आणि त्याची तयारी चालली आहे असं वाटायचं. पूर येईल तो रंगीतच येईल अशी माझी खात्री होती. मी स्वप्नात बघायची, राणी रंगाचं पाणी, त्यावर आमचं निळं पिंप, आणि आत आम्ही चौघं चणे खात बसलेलो.

पण मायचं भरणं वेगळं होतं. आबांच्या वस्तू राहण्यासाठी होत्या, तिच्या जाण्यासाठी. अगदी तळाशी ती एक गाठोडं ठेवायची. त्यात तिची एक कोरी सुती साडी, पांढरी, हिरव्या काठाची, आणि आम्हा दोघींचे नवे परकर-पोलके. ह्या वेळी माहेरच्या दारात उभं राहायचं ते पुरातून आल्यासारखं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. आबा ते गाठोडं बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. फक्त एकदा त्यांनी विचारलं की खड्या मिठाची पुरचुंडी वर डब्याजवळ ठेवायची सोडून खाली कपड्यांत कशाला. मीठ ओल ओढून घेतं, म्हणाली माय. आबांना पटलं, कारण ते खरंच आहे.

असे दोन-तीन पावसाळे कोरडेच गेले. म्हणजे पाऊस पडला, खाडी फुगली, पण उंबऱ्याशी येऊन परत गेली. माय उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघायची. मी मायकडे बघायची. पाणी उतरलं की मी देवाला गूळ ठेवायची आणि अर्धा आधीच खायची.

मग एका श्रावणात, आमचा कानबाईचा सण होऊन गेल्यावर, पाणी आलं. दुपारची वेळ होती. गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली, धरणातून पाणी सोडलंय, सावध राहा, असं गुजरातीत आणि हिंदीत सांगत. तापी भरली की खाडीचं पाणी तिच्यात शिरेनासं होतं आणि मागे फिरतं, हे आम्हाला शाळेपेक्षा जास्त नीट माहीत होतं. पाणी दारातून आलंच नाही. ते मोरीतून आलं, हळूच, घरचंच माणूस आल्यासारखं. मायने आधी शेठच्या साड्या गोळा करून माळ्यावर टाकल्या. मग तिने कात्री पदराला बांधली आणि पिंपाजवळ जाऊन उभी राहिली. ती ठरवलेलं करणार हे मला तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

आबा मिलमधून कमरेइतक्या पाण्यातून चालत आले. बहीण त्यांच्या खांद्यावर बसली, मी मायच्या कडेवर, मोठी असून. पिंप आबांनी पुढे ढकललं आणि ते तरंगलं. गल्ली ओलांडून मासीकडे जायचं म्हणजे चार पावलं, पण त्या दिवशी ती रुंद नदी झाली होती. लूम बंद पडले होते. जन्मापासून कानात असलेली खटखट नव्हती आणि तिच्या जागी मोठी, मऊ शांतता होती. त्या शांततेत आमचं पिंप डुलत डुलत चाललं होतं. पाणी रंगीत नव्हतं. साधं मातकट होतं, आणि मला त्याचा राग आला होता.

मासीच्या धाब्यावर आम्ही राहिलो ते दिवस मला एकाच लांब दुपारसारखे आठवतात. धाब्यावर ताडपत्री बांधली होती. खाली पाणी हलत नव्हतं, वर ढग हलत होते, आणि बघता बघता वाटायचं की ढग जागेवर आहेत आणि आपणच चाललोय. मासी आणि माय स्टोवर खिचडी करत. बिबड्या मासीला एवढ्या आवडल्या की तिने त्या कशा करतात ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पिंपातलं आबांचं सगळं कामाला आलं. ते मेणबत्ती काढत, तुरटी फिरवत, आणि प्रत्येक वेळी मायकडे एक नजर टाकत. बघ, सगळं आहे ना, अशी. माय बघायची नाही. ती कठड्याला टेकून आमच्या घराच्या बुडालेल्या दाराकडे बघत बसायची. मला वाटलं, ती मनाने गाडीत बसलीसुद्धा.

पाणी ओसरलं. गल्लीत चिखल दिसायला लागला. उधन्याहून भुसावळकडची गाडी सुरू झाली असं कुणीतरी खालून ओरडून सांगितलं. त्या सकाळी माय उठली, आम्हा दोघींच्या वेण्या घातल्या आणि पिंपाशी गेली. मला त्या वेणीचा ताण अजून आठवतो. आबा स्टोची पिन साफ करत होते, ती आधीच साफ होती. त्यांनी मायला थांब म्हटलं नाही. मला त्यांचा इतका राग आला, की एवढा मोठा माणूस आणि तोंडाला कुलूप, दोन शब्द बोलायला काय जातं.

मायने तळाचं गाठोडं वर काढलं आणि सोडलं.

साडी राणी रंगाची झाली होती. सगळी नाही. कुठे गडद, कुठे फिक्कट, कुठे पांढरी राहिलेली, आणि हिरवा काठ काळपट पडलेला. आमचे परकर तसेच. पुरचुंडीतलं मीठ विरघळून ती रिकामी झाली होती आणि तिचं फडकं सगळ्यात सुंदर, एकसारखं गुलाबी रंगलं होतं.

आबांनी साडीचं टोक हातात घेतलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. मग ते पिंपापाशी बसले आणि झाकणाची रबराची कडी नखाने उचकटली. खाचेत गुलाबी पूड बसलेली होती. पिंप आतून धुतलं, बाहेरून धुतलं, कडी काढून खाच धुवायचं राहून गेलं होतं. तरंगताना झाकणाशी पाणी लागलं, थोडं आत झिरपलं आणि जाताना ती पूड घेऊन तळाला गेलं. चिमूटभर पुडीत कापडाची थानंच्या थानं रंगतात. हे आबांपेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार. त्यांचे कान लाल झाले होते. रंगवाल्याने रंगात मार खाल्ला होता, आणि तोही मासीसमोर.

माय साडी मांडीवर घेऊन खाली बसली. ती आता चिडेल, मग रडेल, मग तशीच निघेल, असं मला वाटत होतं. ती नुसती साडीवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं,

"हाऊ रंग निंघई का?"

आबांनी मान हलवली. "उतरस नही. वर दुसरा चढाडता येस."

मायने खाली गल्लीत बघितलं. तिथे बायका आपापल्या दारातला चिखल खराट्याने लोटत होत्या.

"मंग चढाडा," ती म्हणाली.

एवढंच. गुलाबी डागांची साडी नेसून भावजयीच्या दारात जाता येत नाही, आणि दुसरी धड साडी घरात नव्हती, त्यामुळे प्रश्न मिटला होता. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी ताडपत्रीखाली जाऊन बसले. मासीने आमचे कपडे पिळून धाब्यावरच्या दोरीवर टाकले. कितीतरी दिवसांनी ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात ती राणी रंगाची रांग हलत होती. तिचा गुलाबी उजेड ओल्या धाब्यावर, मायच्या पायांवर, आबांच्या पडलेल्या चेहऱ्यावर पडला होता. माझ्या स्वप्नातला रंगीत पूर उशिरा का होईना आला होता. मायने आबांकडे बघितलं आणि ती हसायला लागली. आधी पदरात, मग मोकळी. आबांना हसू येत नव्हतं, पण त्यांची सुटका झाल्यासारखी दिसत होती.

गुलाबीवर गडदच चढतो. मिल सुरू झाल्यावर आबांनी रंगखात्याच्या मास्तरांना विचारून ते गाठोडं एका उरलेल्या रंगात बुडवून आणलं. त्या दिवाळीला आम्ही तिघीही जांभळ्या होतो. गल्लीने पोट धरून हसून घेतलं. पण रंग असा बसला होता, की एक डाग शोधून सापडत नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माय माहेरी गेली ती तीच साडी नेसून, सणाला जातात तशी, परत यायला. भावजयीने पदर हातात घेऊन विचारलं की असा रंग कुठे मिळतो. सुरतेतच मिळतो, म्हणाली माय, ओळख लागते.

आबांनी पुढे कधी पिंप धुतलं की आधी कडी काढायचे. ती चूक त्यांनी आयुष्यभर जपली. कुणी आपल्या कामाची फुशारकी मारायला लागलं की ते आपली रबराच्या कडीची गोष्ट सांगत, आणि माय चहा ठेवायला आत जायची.

माझं लग्न सुरतेतच झालं. पहिल्या उन्हाळ्यात मी माझ्या घरची पुराची पेटी भरायला काढली. तोवर हे सगळं अंगवळणी पडलं होतं, मेणात बुडवलेल्या काडेपेट्यांसकट. माय मदतीला आली होती. मी प्लॅस्टिकचा नवा डबा ओल्या फडक्याने पुसला, तिच्याकडूनच शिकले होते, आणि फडकं उजेडात धरून बघितलं. पांढरंच होतं. माय बिबड्या निवडत होती. ती सहज म्हणाली की तेव्हा मात्र फडकं गुलाबी झालं होतं.

मला कळलं नाही. केव्हा, मी विचारलं.

पूर आला त्या वर्षी, ती म्हणाली. उन्हाळ्यात पिंप भरताना तिने झाकण पुसलं होतं, कडी काढून खाचेतून फडकं फिरवलं होतं, आणि ते रंगलं होतं. मग तिने कडी परत बसवली, आणि साडी तळाशी ठेवली, आणि मीठ साडीत. आबांना माहीत आहे का, मी विचारलं. त्यांना रंगातलं कळतं, म्हणाली, बाकीचं नाही.

"मग ठेवलीस कशाला?" मी म्हटलं. "पाणी आत गेलं तर साडीचं काय होणार, हे माहीत होतं ना तुला?"

मायने एक तुटकी बिबडी बाजूला काढली, तिचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि उरलेला स्वतः खाल्ला.

"सगळासमोर बोली बठनी व्हती, मंग जानं पडतं," ती म्हणाली. "अन् माले ते जावानंच नव्हतं."